लोकसभेचे पहिले अध्यक्ष : दादासाहेब मावळंकर

दिनांक २४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अध्यक्षपदासाठी मतदान झाले. एका बाजूस मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील वजनदार पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर उभे होते. दुसऱ्या बाजूस काँग्रेसचे उमेदवार म्हणून अहमदाबादचे वकील गणेश वासुदेव मावळंकर. सभागृहात काँग्रेसचे सभासद पुष्कळ होते खरे. परंतु सरकारी अधिकारी, सरकारनियुक्त सभासद आणि इतर गट ह्यांची बेरीज लक्षात घेता केवळ स्वपक्षाच्या बळावर ही निवडणूक जिंकणे काँग्रेसला शक्य नव्हते. मते मोजली गेली तेव्हा मावळंकरांना ६६ आणि सर कावसजींना ६३ मते पडल्याचे दिसून आले. अवघ्या तीन मतांच्या फरकाने जो गृहस्थ त्या आसनावर चढला, त्याच्याकडेच, मध्ये तीन महिन्यांचा खंड सोडला तर, पुढील दहा वर्षे देशाच्या कायदेमंडळाचे अध्यक्षपद राहिले. परकीय सत्तेचे कायदेमंडळ मावळले, घटना समिती आली, हंगामी संसद आली, शेवटी प्रौढ मतदानाने निवडलेली लोकसभा आली. सभागृहाचे रूप तीन वेळा पालटले, परंतु आसनावरील व्यक्ती तीच राहिली.

वकिलीतून राजकारणात आलेली माणसे आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, वल्लभभाई पटेल ही नावे सहज आठवतात. ह्यांपैकी बहुतेकांनी न्यायालयातील वक्तृत्व आणि युक्तिवादाचे सामर्थ्य राजकारणाच्या रणांगणावर वापरले. मावळंकरांची वाट थोडी निराळी होती. वकिलाचा धर्म एका पक्षाची बाजू मांडण्याचा. अध्यक्षाचा धर्म दोन्ही पक्षांना आपली बाजू मांडता यावी हे पाहण्याचा. पहिल्या धर्मात मुरलेला मनुष्य दुसरा धर्म कसा पाळतो, आणि तो पाळताना त्याला स्वतःच्याच पक्षाशी व स्वतःच्याच टीकाकारांशी कसे वागावे लागते, हा त्यांच्या चरित्रातील खरा विचार करण्याजोगा भाग होय.

मावळंकरांचे घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. गावावरूनच त्यांचे आडनाव पडले. परंतु गणेश वासुदेवांचा जन्म झाला बडोद्यास, २७ नोव्हेंबर १८८८ रोजी. त्या काळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव महाराज होते आणि मराठी बोलणारी शेकडो कुटुंबे त्या नगरीत स्थिरावलेली होती. मावळंकरांचे प्राथमिक शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यातील इतर गावी झाले. १९०२ साली ते अहमदाबादेस आले आणि पुढे जन्मभर त्याच शहराचे होऊन राहिले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली ते शास्त्र विषय घेऊन बी. ए. झाले, त्यानंतर वर्षभर त्याच महाविद्यालयात दक्षिणा फेलो होते. १९१२ साली मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन १९१३ साली त्यांनी अहमदाबादेस वकिलीस प्रारंभ केला.

घरी मराठी आणि बाहेर गुजराती अशी दुहेरी भाषिक वस्ती त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत राहिली. अशा वस्तीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक, मनुष्य दोन्हीकडे उपरा राहतो. दुसरा, तो दोन्हीकडचा होतो. मावळंकर दुसऱ्या वर्गातले. अहमदाबादच्या शिक्षणसंस्थांच्या कामात ते वकिली सुरू केल्याच्या वर्षापासूनच पडले. पुढे १९१९ पासून १९३७ पर्यंत ते तेथील नगरपालिकेचे सभासद होते आणि १९३० ते १९३३ व पुन्हा १९३५-३६ ह्या काळात नगराध्यक्ष. कोकणी आडनावाच्या ह्या गृहस्थास अहमदाबादकरांनी आपले घरचे माणूस मानले. त्यांनीही आपल्या आठवणी गुजरातीत लिहून त्या भाषेचे ऋण फेडले.

त्यांच्या राजकीय जीवनाच्या आरंभाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनी १९१५ साली अहमदाबादेस कोचरब येथे आश्रम काढला. गावातील वकीलमंडळी संध्याकाळी गुजरात क्लबात जमत आणि पत्ते खेळत. वल्लभभाई पटेल ह्या मंडळींतील मुख्य. एकदा गांधीजी क्लबात आले असता मावळंकर डाव पाहण्याचे सोडून त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी उठले. तेव्हा वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली की, हा गृहस्थ तुम्हांला गव्हातले खडे निवडता येतात काय असे विचारील, आणि म्हणे अशानेच स्वराज्य मिळणार आहे! थट्टा करणारे वल्लभभाई आणि उठून गेलेले मावळंकर, दोघेही लवकरच गांधीजींच्या कार्यात ओढले गेले. ही आठवण स्वतः मावळंकरांमुळेच मागे राहिली आहे.

१९१६ साली मावळंकर गुजरात सभेचे चिटणीस झाले. १९१७ च्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील पिके बुडाली. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा सरकारचाच नियम होता. शेतकऱ्यांचे म्हणणे इतकेच की, तो नियम पाळला जावा. गांधीजी त्या वेळी सभेचे अध्यक्ष होते. सभेने अर्ज केले, तारा केल्या, अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. आणि हे सारे निष्फळ झाल्यावरच मार्च १९१८ मध्ये नडियाद येथे सत्याग्रहास प्रारंभ झाला. वकिलाच्या दृष्टीने ह्या लढ्याचे स्वरूप फार बोलके होते. ज्याने नियम केला त्यानेच तो पाळावा ही मागणी त्याच्या मुळाशी होती. मावळंकरांच्या पुढील सर्व आयुष्याचे सूत्र ह्या मागणीत सापडते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९२१ साली अहमदाबादेस काँग्रेसचे छत्तिसावे अधिवेशन भरले. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे हकीम अजमलखान ह्यांनी अध्यक्षस्थान स्वीकारले. स्वागताध्यक्ष वल्लभभाई होते आणि स्वागत समितीचे सरचिटणीस मावळंकर. पुढे काही काळ ते स्वराज्य पक्षात गेले. परंतु १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पुन्हा गांधीजींच्या मागे उभे राहिले. निरनिराळ्या वेळी मिळून सुमारे सहा वर्षे त्यांनी कारावास भोगला. तुरुंगात त्यांनी खुनी आणि दरोडेखोर म्हणून शिक्षा झालेल्या कैद्यांशी मोकळेपणाने बोलून त्यांच्या कहाण्या ऐकल्या. त्या कहाण्यांतून त्यांचे ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक तयार झाले. न्यायालयात आरोपीकडे वकील पुराव्याच्या चष्म्यातून पाहतो. येथे तोच वकील त्याच्या शेजारी बसून त्याचे माणूसपण शोधीत होता. समोरच्या मनुष्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची ही सवय पुढे अध्यक्षाच्या आसनावर त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

ते आसन त्यांच्या वाट्यास प्रथम आले ते मुंबई इलाख्यात. १९३५ च्या कायद्यान्वये झालेल्या निवडणुकांनंतर १९३७ साली मुंबईस बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले आणि १७५ सभासदांच्या विधानसभेचे अध्यक्ष म्हणून मावळंकरांची निवड झाली. मराठी, गुजराती आणि कानडी अशा तीन भाषांच्या मुलखांतून आलेले प्रतिनिधी तेथे एकत्र बसत. विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्यासारखा कायदेपंडित होता. खोतीनिर्मूलनाचे विधेयक त्यांनी ह्याच सभागृहात आणले आणि १९३८ च्या औद्योगिक कलहाच्या विधेयकास कडाडून विरोध केला तोही येथेच. अशा सभागृहाचे नियंत्रण करणे ही सोपी गोष्ट नव्हती. खेर मंत्रिमंडळाने १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि सभागृहाचे कामकाज थांबले. परंतु ह्या दोन-सव्वादोन वर्षांत मावळंकरांची अध्यक्ष म्हणून जी घडण झाली, तिच्या बळावरच १९४६ साली काँग्रेसने त्यांना दिल्लीस पाठविले.

दिल्लीस येताच त्यांच्यापुढे विलक्षण प्रसंग उभे राहिले. त्याच वर्षी हंगामी सरकार स्थापन झाले. प्रथम काँग्रेस आणि मागाहून मुस्लिम लीग त्यात सामील झाली. फेब्रुवारी १९४७ मध्ये लीगचे लियाकत अलीखान ह्यांनी अर्थमंत्री म्हणून अंदाजपत्रक मांडले तेव्हा अध्यक्षस्थानी मावळंकरच होते. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपुष्टात आले. आता एक नवाच पेच निर्माण झाला. घटना समितीने राज्यघटना तयार करावयाची आणि रोजचे कायदेही करावयाचे. मग ही दोन्ही कामे एकत्र चालावीत की निरनिराळी? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑगस्टमध्ये मावळंकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर दोन्ही कामे अलग करण्यात आली. घटना तयार करताना डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी बसत. कायदेमंडळ म्हणून बैठक भरली की तेथे मावळंकर बसत. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांची ह्या जागी निवड झाली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अहमदाबादेतून निवडून आल्यावर १५ मे १९५२ रोजी लोकसभेने त्यांना आपले पहिले अध्यक्ष केले. त्यांचे नाव पंडित नेहरूंनी सुचविले. प्रतिस्पर्धी होते सोलापूरहून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते शंकर शांताराम मोरे. दोन्ही उमेदवार मराठी आडनावांचे असावेत हा योगायोगच म्हणावयाचा. मावळंकरांना ३९४ आणि मोऱ्यांना ५५ मते पडली. सहा वर्षांपूर्वी केवळ तीन मतांनी जिंकलेल्या अध्यक्षापाठीमागे आता प्रचंड बहुमत उभे होते. परंतु ह्या बहुमतातच त्यांच्या पुढील अडचणीचे बीज होते. दुर्बळ सरकारपुढे सभागृहाचा मान राखणे तितकेसे कठीण नसते; लोकप्रिय आणि बलाढ्य सरकारपुढे, विशेषतः ते आपल्याच पक्षाचे असता, तो मान राखणे ही अध्यक्षाची खरी कसोटी होय.

ह्या कसोटीस ते कसे उतरले? वकिलाला ठाऊक असते की, हक्क केवळ उच्चारून पदरात पडत नाही. तो बजावण्याची रीत ठरलेली असावी लागते. मावळंकरांनी आपले लक्ष ह्या रीतीवर केंद्रित केले. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० साली अस्तित्वात आली. लोकलेखा समितीवर पूर्वी खुद्द अर्थखात्याचा प्रमुखच अध्यक्ष असे, म्हणजे ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याच्याच हाती तपासणी. नव्या घटनेनंतर ही समिती संसदेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली आणि अर्थमंत्र्यांचे तिच्यावरील अध्यक्षपद संपले. मंत्री सभागृहात आश्वासने देतात आणि विसरून जातात. ती पाळली गेली की नाहीत हे पाहणारी आश्वासन समिती १९५३ साली निघाली. कायद्याच्या पोटात खात्यांनी केलेले नियम तपासण्यासाठी उपविधान समिती निघाली तीही त्याच वर्षी. कामकाज सल्लागार समिती, अर्ध्या तासाची चर्चा, लक्षवेधी सूचना ही आज सर्वांच्या परिचयाची साधने ह्याच कालखंडातली. ह्यांपैकी एकही गोष्ट वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यात शोभण्यासारखी नाही; परंतु सत्तेला रोजच्या रोज जाब विचारण्याचे काम ह्याच साधनांनी होते.

वटहुकुमांच्या बाबतीत तर त्यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारला स्पष्ट शब्दांत बजावले. सभागृह चालू नसताना निकड पडल्यास राष्ट्रपतींकरवी वटहुकूम काढण्याची मुभा घटनेच्या १२३ व्या कलमाने दिली आहे. मावळंकरांचे मत असे की, वटहुकूम ही मुळातच लोकशाहीशी विसंगत गोष्ट आहे आणि अत्यंत निकडीच्या प्रसंगावाचून तिचे समर्थन होऊ शकत नाही. १९५० साली आणि पुन्हा जुलै १९५४ मध्ये त्यांनी हे पत्रद्वारे सरकारला कळविले. १९५४ चे पत्र खुद्द पंतप्रधानांना होते. नव्या राष्ट्रापुढे कामांचा डोंगर होता आणि सभागृहाचा वेळ अपुरा, ही सरकारची अडचण खोटी नव्हती. परंतु आज सोयीसाठी पाडलेला पायंडा उद्या कोणाच्या हाती जाईल ह्याचा विचार अध्यक्षाने करावयाचा असतो. वटहुकुमाच्या जागी विधेयक आणताना तातडी का होती ह्याचे निवेदन सोबत जोडले पाहिजे, असा लोकसभेचा नियम आहे; त्यामागील वृत्ती हीच.

तथापि त्यांच्या सर्वच निर्णयांचे स्वागत झाले असे नाही. तहकुबी सूचनेविषयीचा त्यांचा निर्णय वादाचे मूळ ठरला. ब्रिटिश अमदानीत सरकारला खाली खेचणे कायदेमंडळाच्या हाती नव्हते. म्हणून कामकाज तहकूब करण्याची सूचना मांडून सरकारचा निषेध नोंदविणे हे लोकप्रतिनिधींचे आवडते हत्यार होते. १९५० साली मावळंकरांनी निर्णय दिला की, आता मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार आहे, चर्चेची इतर साधनेही उपलब्ध आहेत. तेव्हा ही सूचना अपवादात्मक प्रसंगीच स्वीकारली जाईल. तर्काच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता. परंतु मूठभर विरोधी सभासदांच्या दृष्टीने पाहता त्यांच्या हातातील एक धारदार शस्त्र काढून घेतले गेले होते. समोर एवढे बहुमत असता मंत्रिमंडळाची जबाबदारी त्यांना कागदावरचीच वाटावी, ह्यात नवल नाही.

ह्या असंतोषाचा स्फोट १८ डिसेंबर १९५४ रोजी झाला. बिहारचे सभासद विघ्नेश्वर मिसिर ह्यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. अध्यक्षांची वृत्ती निःपक्षपाती राहिली नाही, हा त्यातील मुख्य आरोप; आणि तहकुबी सूचना नाकारल्याची तक्रार त्याच्या बुडाशी होती. घटनेप्रमाणे अशा वेळी अध्यक्षांना आसनावर बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार ह्यांनी सभागृह चालविले. नेहरूंनी भाषणात ठरावाचा निषेध केला. चर्चा कडवट झाली आणि ठराव फेटाळला गेला. बहुमत पाहता त्याचा निकाल आधीच ठरलेला होता. म्हणूनच ह्या प्रसंगाचे महत्त्व निकालात शोधू नये. ज्या नियमांवर मावळंकरांनी इतका भर दिला, त्याच नियमांनी त्यांच्यावर उघड आरोप करण्याचा अधिकार त्यांच्या टीकाकारांना मिळाला आणि तो भर सभागृहात बजावता आला. खेड्याच्या शेतकऱ्यांची मागणी येथे एका अर्थी पूर्ण झाली होती : नियम करणाराही नियमाखाली होता.

निःपक्षपातीपणाविषयी त्यांची भूमिकाही ह्या संदर्भात समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडात अध्यक्ष पक्षाशी संबंध पूर्णपणे तोडतो आणि त्याच्या बदल्यात मोठे पक्ष निवडणुकीत त्याला सहसा विरोध करीत नाहीत. असा संकेत आपल्याकडेही रुजावा असे मावळंकरांना वाटे. तो रुजेपर्यंत अध्यक्षाने पक्षाचा सभासद राहावे, परंतु पक्षाच्या वादग्रस्त राजकारणापासून दूर असावे, असा मधला मार्ग त्यांनी स्वीकारला. हा मार्ग निसरडा होता. १९५४ चा ठराव त्याचीच साक्ष देतो. इंग्लंडातील तो संकेत मात्र आपल्याकडे अद्यापही रुजलेला नाही.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस हृदयविकाराने मावळंकरांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुढे १९७२ साली त्यांचे चिरंजीव प्राध्यापक पुरुषोत्तम मावळंकर अपक्ष म्हणून अहमदाबादेतून लोकसभेत गेले. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली, अनेक विरोधी सभासद तुरुंगात पडले, त्या वेळी सभागृहात उभे राहून आणीबाणीचा उघड निषेध करणाऱ्या थोड्या सभासदांत हे चिरंजीव होते. पित्याने वीस वर्षांपूर्वी वटहुकुमांविषयी लिहिलेला इशारा आणि पुत्राचे हे भाषण ह्यांत एक सरळ धागा आहे.

दिल्लीतील एका सभागृहास मावळंकरांचे नाव देण्यात आले आहे. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. बडोदे आणि अहमदाबाद गुजरातेत राहिले, मावळंगे महाराष्ट्रात. दोन्हीकडच्या लोकांना ते आपले म्हणता येतात. परंतु त्यांचे खरे स्मारक लोकसभेच्या नियमांच्या पुस्तकात आहे. मंत्र्याने दिलेल्या शब्दाची नोंद होते, खर्चाचा हिशेब मागितला जातो, दूरच्या मतदारसंघातील एखादा एकटा सभासद लक्षवेधी सूचना देऊन सरकारला उत्तर देण्यास भाग पाडतो, त्या प्रत्येक वेळी अहमदाबादच्या ह्या वकिलाची शिस्त कामास येत असते. ती शिस्त सैल झाली तर पुस्तकातील नियम तसेच राहतील, परंतु त्यांतील प्राण निघून जाईल.